पाठीवरचं रफू

अरे थांब, थांब ना! दोन मिनिटं बस आणि ऐक. काल काय झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही. भर सुनावणी चालू. मॅडम, वकील, फौजदार, सगळे बसलेले. आणि रोमेलानं बाळाच्या अंगावरून मला अशी खस्सकन ओढली की बाळानं भोकाडच पसरलं! वकील दचकून उभा राहिला. आणि ही बाई, जी पाच महिन्यांत मोठ्यानं एक शब्द बोलली नव्हती, ती ओरडली काय? "ओलं होईल! ते ओलं होईल!"

काय ओलं होईल ते त्या दालनात दोघींनाच माहीत होतं. तिला आणि मला.

पण असं मधूनच सांगितलं तर तुला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

मी एक कांथा. म्हणजे तुमच्याकडची गोधडीच म्हण ना. जुनी साडी, जुनी लुंगी एकावर एक अंथरायची, तांदळाएवढे धावदोऱ्याचे टाके घालायचे, वर चित्रं काढायची, झाली कांथा. ढाक्याबाहेर, तुराग नदीच्या अलीकडे, कपड्यांच्या कारखान्यांच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत माझा जन्म झाला. दहा खोल्या, एक नळ, दोन चुली. तिथं गप्प राहून कुणाचं भागत नाही, म्हणून मीही अशी बडबडी. सांभाळून घे.

माझा वरचा थर म्हणजे रोमेलाची पांढरी सुती साडी. खालचा थर म्हणजे तिच्या मुलाची, बादलची लुंगी. धुऊन धुऊन तिची नुसती जाळी उरलेली. हे दोन थर सगळ्यांना दिसतात. मधला थर कुणालाच दिसत नव्हता. तोच तर सगळा घोळ.

मधला थर होता बादलचा शर्ट.

बादल तेवीस वर्षांचा. कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर. कारखान्यातून बाद झालेलं निळं चौकड्यांचं कापड आणून त्यानं तो शर्ट स्वतः शिवलेला. पठ्ठ्या डावखुरा, म्हणून खिसा लावला उजवीकडे. शेजारची कोहिनूर त्याच कारखान्यात, जिभेला हाड नाही. ती रोज चिडवायची, "काय रे, तुझं काळीजपण उजवीकडे आहे का?" तो म्हणायचा, "आपा, काळीज शिउलीकडे आहे. माझ्याकडे नुसता खिसा." शिउली म्हणजे त्याची बायको. ती नळावरून हातातला तांब्या दाखवायची, की घरी ये, बघते तुला.

मग नोव्हेंबरात पगारवाढीसाठी कारखाने बाहेर पडले. सगळे रस्त्यावर. बादल अगदी पुढे होता, घोषणा तोच देत होता. खोटं का सांगू? घसा बसला होता त्याचा. चौरस्त्यावरच्या पादचारी पुलापाशी पोलिसांची गाडी आडवी लागली आणि पहिला आवाज झाला, तसे सगळे वळून पळाले. तोही पळाला. मला कसं माहीत म्हणून काय विचारतोस? मी तिथं होते ना. म्हणजे माझा मधला थर होता, त्याच्या अंगावर. पाठीवर डाव्या खांद्याच्या खाली असं काही लागलं, जसं कुणी बोट खुपसून "ए" म्हणून हाक मारावी. इतकंच. मग सगळं ओलं.

पोलिसांनी कागदावर लिहिलं की इसम वीट घेऊन गाडीवर धावून आला, म्हणून समोरून गोळी चालवावी लागली. तपासणी नाही, काही नाही. दवाखान्यात म्हणाले, इथं सही करा आणि आत्ताच्या आत्ता न्या. गर्दी जमायच्या आत. तिथल्या एका झाडूवाल्या बाईनं काळी पिशवी गुपचूप रोमेलाच्या हातात कोंबली. पिशवीत मी. म्हणजे शर्ट. तू समजून घे रे, आता सारखं सारखं नाही सांगणार.

रोमेला जमालपूरची. तिकडं बादलला माती दिली आणि चाळिसाव्याला, रीतीप्रमाणे, त्याचे सगळे कपडे वाटून टाकले. सगळे म्हणजे दोन पँटी, स्वेटर, ईदचा कुर्ता. लुंगी ठेवली, बाळासाठी कांथा शिवायची म्हणून. शिउलीला सातवा लागला होता. बापाच्या अंगचं मऊ कापड तान्ह्याच्या अंगावर पडावं, ही आमच्याकडची पद्धतच आहे. पण काळी पिशवी मुरमुऱ्यांच्या डब्यात आहे, हे रोमेलानं सुनेलासुद्धा सांगितलं नाही. शिउलीला वाटलं, शर्ट दवाखान्याच्या कचऱ्यात गेला.

आता तो दिवस ऐक. शिउली कामावर गेलेली. रोमेलानं दाराला कडी लावली आणि शर्ट जमिनीवर पसरला. कांथेत घालायचं प्रत्येक कापड सोड्याच्या पाण्यात उकळून घेतात, अगदी मऊसूत होईस्तोवर. हा तिनं धुतला नाही. पाण्याची बादली भरली, बराच वेळ बघत बसली आणि ओतून दिली. मग शर्ट पालथा केला. आणि ते भोक दिसलं.

बघ, या बाईनं आयुष्यभर दुसरं काय केलंय? भोक दिसलं की हात सुईकडे. बादलची शाळेची चड्डी, नवऱ्याचा सदरा, मच्छरदाणी. विचारबिचार काही नाही. निळा दोरा शोधला, रंग जुळवून बघितला, आणि आडवे-उभे टाके घालून ते भोक रफू करून टाकलं. इतकं झकास की शर्टालाच कळेना दुखलं कुठं होतं! दोरा दातानं तोडला आणि मग त्या जागेवर गाल ठेवून ती पहिल्यांदा रडली. पहिल्यांदा, बरं का. मातीच्या वेळीसुद्धा रडली नव्हती.

मग माझा जन्म झाला. लुंगी अंथरली, तिच्यावर शर्ट पालथा, हात पसरलेला, जसा झोपायचा तसा. कात्री लावली नाही. वर साडी. आणि टाके सुरू.

कांथेचा दोरा बाजारातून आणत नाहीत, जुन्या साडीच्या काठातून ओढून काढतात. लाल काठाचा दोरा तिनं मांडीवर वळला आणि चित्रं काढली. पादचारी पूल. चार चाकांची चौकोनी गाडी. आणि रस्त्याच्या अगदी मधोमध एक तळं, त्यात मासे. आता त्या चौरस्त्यावर कसलं आलंय तळं! कोहिनूर म्हणालीच, "खाला," म्हणजे मावशी, "भूगोल चुकला. तळं गावाकडे आहे." रोमेला म्हणाली, "त्याला उडी मारायला काहीतरी नको?" कोहिनूरनं सुईत दोरा ओवून दिला.

तळ्याकडे पळणारा एक लाल पोरगा. शिउलीनं पोटावर हात ठेवून निरखून पाहिलं. "अम्मा, याला तोंड नाही काढलं?"

"पळणाऱ्याचं तोंड मागून कसं दिसेल, पोरी?"

तो लाल पोरगा नेमका कुठं काढला होता सांगू? त्या रफूवर. टाके वरून खालपर्यंत, तिन्ही थरांतून. त्याच्या पाठीखाली शर्टाची पाठ.

मी अर्धी झाले असेन, तेव्हा फौजदार आला. जाड मानेचा, बोलायला एकदम गोड. "काय खाला, बरं आहे ना?" म्हणत आला आणि थेट पलंगावर बसला. पलंगावर कोण होतं? मी! अख्खा माणूस माझ्यावर, आणि माझ्या पोटात तो शर्ट. माझे टाके ताणले गेले, मला वाटलं आता उसवते, आता बाहेर येतं सगळं.

"पोराचे कपडे होते म्हणे अंगावरचे," तो म्हणाला. "जमा करायचेत. कायद्याचं काम असतं."

"चाळिसाव्याला वाटले, बाबा."

"सगळे?"

"मेलेल्याचे कपडे कुणी घरात ठेवतं का?"

त्यानं खोलीभर नजर फिरवली. ट्रंक, मडकी, खुंटी. मुरमुऱ्यांचा डबापण उघडून बघितला, खरंच सांगते, हात घालून. मग खिशातून एक कागद काढला. त्यावर लिहिलेलं की पोरगा वीट घेऊन धावला होता, आमची काही तक्रार नाही. "इथं अंगठा कर. म्हणजे सुनेला येता-जाता कुणी विचारणार नाही. पोटुशी बाई, रस्त्यात काय होईल सांगता येतं का?"

रोमेला म्हणाली, "मला दिसत नाही हो डोळ्यांनी. सून वाचून दाखवेल, मग करते."

दिसत नाही! तांदळाएवढे टाके घालणारी बाई म्हणते दिसत नाही, आणि त्या शहाण्याला शंकासुद्धा आली नाही. तो जरा मागं रेलला आणि एकदम ताडकन उठला, "आई गं!" माझ्यात खोचलेली सुई. मी काही केलं नाही हं. म्हणजे, मी फक्त हलले नाही.

दारात कोहिनूर उभी. "बाईमाणसाच्या घरात विचारून बसावं, साहेब. गरिबाच्या पलंगात काय काय असतं!"

तो कागद ठेवून गेला. रोमेलानं त्यावर चुलीतली राख भरून बाहेर टाकली.

फाल्गुनात बाळ झालं. मुलगी. तिला सगळे टुनी म्हणतात, चिमणीएवढी आहे. मला तिच्या अंगावर घातलं तेव्हा, काय सांगू, माझ्या तिन्ही थरांना एकदम घाम फुटला. पण रोमेलाचा हुकूम होता. ही कांथा पांघरायची, खाली घालायची नाही. खाली फडकी घाला, दहा घाला. आणि हिला पाणी लावायचं नाही. कोहिनूरला तर आयतंच सापडलं. "नळावर दुसऱ्याच्या बादलीत फेस दिसला तर भांडणारी बाई, आणि नातीची कांथा धुवत नाही! खाला, काचेच्या कपाटात ठेव हिला, तिकीट लाव." मला धुतलं असतं तर डाग गेला असता ना. आतला.

आणि मग गोळीबाराच्या चौकशीचं पत्र आलं. निवृत्त न्यायाधीश सुरैया मॅडम बसणार. मृताचे कपडे वा इतर काही पुरावा असल्यास अमुक तारखेला आणावा, त्यानंतर काही घेतलं जाणार नाही. शिउलीनं पत्र दोनदा वाचलं आणि जमिनीवर आपटलं. "काय आणायचं? काय आहे आपल्याकडे? ते म्हणणार समोरून मारला, वीट होती. टुनी मोठी होऊन विचारेल, माझा बाप वीट घेऊन धावला होता का गं? तो शर्ट असता ना अम्मा! नुसता तो शर्ट असता!"

रोमेला वांगं चिरत होती. चिरत राहिली.

मी आतून ओरडत होते. सांग ना! सांग! पण कापडाचा आवाज कुणाला ऐकू येतो? दुपारी शिउली बाळाला घेऊन नळावर गेली, तेव्हा रोमेला माझ्यापाशी बसली. लाल पोरग्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, तिथं आत रफूची जाडी लागते. आणि अगदी हळू म्हणाली, "मीच बुजवलं गं. माझ्याच हातानं." तेव्हा मला कळलं ती का बोलत नाही. तिला वाटत होतं, पुरावा तिनंच पुसलाय. आता माझे टाके उसवून, पोराचं चित्र घालवून हातात काय येणार? तर एक चांगला दुरुस्त केलेला शर्ट. लोक हसणार. आणि सून? सून काय म्हणणार?

असे चार दिवस गेले. ती सांगेल, सांगेल म्हणून मी वाट बघतेय. सुनावणीच्या सकाळीसुद्धा नाही सांगितलं.

आता कालचं.

दालनात एक पंखा, तोही मॅडमच्या डोक्यावर. पोलिसांचा वकील बारीक चणीचा, रुमालानं मान पुसत बोलत होता. फौजदार मागच्या बाकावर. कोहिनूर रजा टाकून आली होती. शिउलीच्या मांडीवर टुनी, टुनीभोवती मी. आणि घाईत काय झालं, बसमध्ये फडकी संपली होती, म्हणून शिउलीनं मला टुनीच्या खालीसुद्धा गुंडाळलं होतं. रोमेलाचं लक्ष नव्हतं.

वकील म्हणाला, "गोळी समोरून लागली, हे पोलिसांचं म्हणणं आहे. याच्या उलट काही असेल तर दाखवावं."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "मृताचे कपडे?"

शिउली उठून उभी राहिली. "नाहीत, मॅडम. आमच्याकडे काही नाही."

"मग लिहा," मॅडम कारकुनाला म्हणाल्या, "कपडे उपलब्ध नाहीत."

कारकुनानं पेन टेकवलं. आणि नेमकं त्याच क्षणी मला कोमट लागलं. टुनी! अरे देवा, टुनीनं सोडली होती धार! खालच्या कोपऱ्यातून वर वर चढत होती, लुंगी भिजली, शर्टाची बाही आता भिजणार. शिउलीच्या कुडत्यावर ओल आली ती रोमेलाला दिसली, आणि मग ते झालं, जे मी तुला सुरुवातीला सांगितलं. खस्सकन! "ओलं होईल! ते ओलं होईल!"

सगळे उभे. टुनीचा आकांत. मॅडम म्हणाल्या, "काय ओलं होईल, बाई?"

रोमेलानं मला छातीशी धरलं होतं. तिचं काळीज असं उडत होतं की माझे टाके वाजत होते.

"शर्ट," ती म्हणाली. "माझ्या पोराचा शर्ट आहे यात. शिवलाय."

शिउलीनं सासूकडे बघितलं. ती नजर मी विसरायची नाही. "इतके महिने? अम्मा, इतके महिने मी याच्याशेजारी झोपलेय?"

"वा," वकील म्हणाला, "आता गोधड्यांतून पुरावे निघायला लागले. कुणीही कुठलाही शर्ट शिवून आणेल, मॅडम."

मॅडमनी हात वर केला. "इथंच उसवा. सगळ्यांसमोर. घरी नाही, बाहेर नाही." शिपायानं कात्री आणली. रोमेला म्हणाली, "कात्री नको. कात्रीनं खालचंपण कापेल. सुईनं उसवते."

"किती वेळ लागेल?"

"तीन महिने शिवलंय."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "पाचला दालन बंद होतं. आज शेवटची तारीख आहे. आत्ता दीड वाजलाय."

तिघी बसल्या. टेबलावर मी, तीन बाजूंनी तीन सुया. टुनी शिपायाच्या हातात, तिथं बरी गप्प झाली! तुला कुणी कधी उसवलंय का? दुखत नाही. पण प्रत्येक टाका सुटताना एक 'टक' होतो, आणि वाटतं की आपण विसरत चाललोय काहीतरी. मासे गेले. तळं गेलं. पूल गेला. साडेतीन वाजले. वकील चहा पिऊन आला. कोहिनूर पुटपुटत होती, "एवढं बारीक कशाला शिवायचं गं बाई? सरकारी शाळेतले टाके घालायचे, दहा मिनिटांत सुटले असते."

मग राहिला लाल पोरगा. शिउलीची सुई थांबली.

"अम्मा, हा राहू दे. टुनीला दाखवायला हाच तर आहे." आणि मॅडमना म्हणाली, "अख्खीच घ्या ना ठेवून. आत आहे शर्ट, तुम्ही बघितलंत."

वकील लगेच म्हणाला, "आमची काही हरकत नाही. अख्खी जमा करून घ्या."

"अख्खी घेतली तर कोठीत जाईल," मॅडम म्हणाल्या. "कोण कधी उघडेल, मी सांगू शकत नाही."

रोमेलानं शिउलीचा हात बाजूला केला. "पोरी, चित्र मी परत काढेन. ते भोक मला परत काढता येईल का?"

आणि तिनं स्वतः, पायापासून सुरुवात करून, त्याला उसवलं. पाय. मग हात. पाठ शेवटी.

पाचला वीस कमी असताना शर्ट बाहेर आला. निळ्या चौकड्या, खिसा उजवीकडे. कोहिनूरनं मोबाइल पुढे केला. मोर्चाच्या सकाळचा फोटो, बादल दात काढून हसतोय, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खिसा उजवीकडे. "असा उलटा खिसा अख्ख्या बांगलादेशात एकाच येड्याचा होता, मॅडम," ती म्हणाली आणि मोबाइलची काच पुसली.

शर्ट पालथा केला. काळपट, कडक डाग. आणि डागाच्या मधोमध...

"भोक कुठंय?" वकील म्हणाला. वाकून बघितलं आणि खो खो हसला. "रफू! बाईंनी पुरावाच रफू केलाय!"

रोमेलाची मान खाली. "सवय आहे हो हाताला," ती म्हणाली. "भोक दिसलं."

मॅडमनी चष्मा काढला, दुसरा लावला, आणि रफूवर वाकल्या. बराच वेळ. मग विचारलं, "कड कापली होती का, रफू करताना?"

"कड कापून रफू करतात ते बाजारातले," रोमेला म्हणाली, जराशी रागानंच. "आम्ही कापडाचा एक धागा वाया घालवत नाही. सगळं आत आहे, जसंच्या तसं. वरचे टाके काढले की दिसेल."

"ते प्रयोगशाळा काढेल." मॅडमनी शर्ट उताणा केला. पुढची बाजू इंच इंच बघितली. वकिलालाही दाखवली. त्याचं हसणं कधीच संपलं होतं. मग त्यांनी कारकुनाला एकेक शब्द थांबून सांगितला. "एक भोक. पाठीवर, डाव्या खांद्याखाली. आईनं रफू केलेलं. पुढची बाजू अखंड."

आईनं रफू केलेलं! सरकारी कागदावर लिहिलंय रे ते!

शर्ट पाकिटात गेला, लाख लागली. बाहेर पडताना फौजदार दाराशी उभा होता. कोहिनूर थांबली. "साहेब, ओळखलं का हिला?" माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "त्या दिवशी हिच्यावरच बसला होतात."

तो म्हणाला, "बघू." एवढंच. आता त्या 'बघू'चं काय होणार, निकाल काय लागणार, मला माहीत नाही. काल रात्री दाराला आडवी फळी लावली होती, एवढं मात्र सांगते.

आणि आज सकाळी? मी इथं अंगणातल्या दोरीवर. दोनच थर, चौथ्या काठाच्या टाक्यांनी धरलेले, पोट रिकामं, मुताचा वास. रोमेला गरम पाण्याची बादली भरून, सोडा टाकून आली. आता धुवायला काय हरकत? तिनं मला दोरीवरून ओढायला हात वर केला आणि तशीच राहिली.

ऊन माझ्या मागून येत होतं. टाके सुटले, पण सुईची भोकं गेली नव्हती. हजारो भोकं, आणि प्रत्येकातून ऊन. पूल, गाडी, तळ्यातले मासे, आणि मधोमध तो पळणारा पोरगा. दोऱ्याचा नाही, नुसत्या उजेडाचा. शिउली टुनीला कडेवर घेऊन आली. टुनी त्याच्याकडे बघून पाय झाडायला लागली.

शिउली म्हणतेय, "अम्मा, याच भोकांतून लाल दोरा ओढून टाकू, आत्ताच. धुतली की कापड मिटतं, मग तो जाईल." रोमेला म्हणतेय, "किती वेळा टोचू गं त्याला त्याच जागी?" तर शिउली म्हणतेय, मग धुऊच नका. तर कोहिनूर नळावरून ओरडतेय, "मुतात भिजलेली कांथा पोरीला पांघरणार का? पुरळ येईल!"

बादलीतलं पाणी निवतंय. तिघी उभ्या आहेत, कुणीच हात लावत नाही. मला विचारत कुणी नाही, आणि विचारलं तरी मला सांगता यायचं नाही. म्हणून तुला थांबवलं.

तू सांग ना. तिच्या जागी तू काय केलं असतंस?